‘दोन बोटं’ सांगितलं तरी केस वीतभर का जातात, आणि ते थांबवायचं कसं

मावसबहिणीच्या लग्नाला सात आठवडे उरले होते. मला अंबाडा घालून त्याभोवती मोगऱ्याचा गजरा माळायचा होता, म्हणून वर्षभर केस वाढवले होते. शेंड्यांना फाटे फुटले होते, तेवढेच काढून घ्यावेत म्हणून पार्लरमध्ये गेले. खुर्चीत बसतानाच सांगितलं, “ताई, फक्त दोन बोटं. लग्न आहे, अंबाडा घालायचाय.” त्या “हो हो” म्हणाल्या. चष्मा काढून ठेवायला लावला, केस भिजवले आणि कात्री चालू केली. समोरच्या आरशात मला नुसता धूसर आकार दिसत होता. शेवटी चष्मा चढवला तेव्हा ओले केस खांद्याला टेकत होते. घरी येऊन वाळले तेव्हा ते हनुवटीपाशी आले. आई काही बोलली नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री मी खूप रडले.

एकदाच घडलं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याआधी दोनदा, दोन वेगवेगळ्या पार्लरमध्ये, जवळपास हेच झालं होतं. मैत्रिणींना विचारलं तर प्रत्येकीकडे तिची तिची गोष्ट तयार. तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हातांनी एकच बिघाड होत असेल तर त्याला काहीतरी कारण असणार. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू वीस-बावीस वर्षं पार्लर चालवतात. त्यांच्याकडे जाऊन बसले, खोदून खोदून विचारलं, त्या इतरांचे केस कापताना बघत राहिले. त्यानंतरच्या चार वर्षांत, काकूंकडे आणि परगावच्या अनोळखी सलूनमध्येही, माझे केस माझ्या मनाविरुद्ध कापले गेलेले नाहीत. माझे केस कुरळे आहेत, त्यामुळे कुरळ्या केसांबद्दल जास्त लिहिलं आहे. पण यातलं बरंचसं कुठल्याही केसांना लागू पडतं.

बिघाड ‘थोडेच’ या शब्दापासून सुरू होतो

काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “अगं, थोडेच काप असं मला दिवसाला दहाजणी म्हणतात. अर्धा इंच कापला की त्यातल्या निम्म्या विचारतात, काकू, काही कापलंच नाही तुम्ही, पैसे कसले घेता? मग हात आपोआप पुढे जातो.” मला हे त्याआधी कधी सुचलंच नव्हतं. ‘थोडेच’ हा शब्द इतक्या जणींनी इतक्या अर्थांनी वापरलेला आहे की कापणाऱ्या बाईच्या कानात त्याला आता काही मापच उरलेलं नाही.

‘ट्रिम’चंही तेच. आपल्या मनात ट्रिम म्हणजे लांबी तशीच, फक्त टोकं साफ. कापणाऱ्या बाईच्या मनात ट्रिम म्हणजे खालची रेघ भरीव दिसेपर्यंत आणि फाटलेले शेंडे संपेपर्यंत कापणं. फाटे आठ सेंटीमीटर वर चढलेले असतील तर तिच्या हिशेबात ट्रिमही आठ सेंटीमीटरची. केसांच्या दृष्टीने तिचं बरोबरही असेल. पण फाटे फुटलेले केस घेऊन लग्नाला जायचं की आखूड केस घेऊन, हे ठरवायचं मी. तिने कात्री लावण्याआधी एवढं विचारायला हवं होतं: “ताई, फाटे बरेच वर गेलेत, सगळे काढू की लांबी ठेवू?” न ऐकणं म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. शब्द कानावर पडलेले असतात, प्रश्न विचारलेला नसतो.

मापांचाही भरवसा नाही. दोन बोटं म्हणजे दोन बोटांची रुंदी की दोन पेरं? कुणाची बोटं? इंचांत सांगितलं तरी घोटाळा होतो. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८च्या एप्रिलमध्ये घडलेलं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मॉडेलिंग करणाऱ्या त्या बाईंच्या तक्रारीनुसार त्यांनी खालून ४ इंच कापायला सांगितलं होतं, आणि उरले ते वरून जेमतेम ४ इंच. इतक्या महागड्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर गल्लीतल्या पार्लरमध्ये नुसत्या ‘दोन बोटां’वर विसंबून कसं चालेल?

म्हणून मी आता किती कापायचं ते सांगतच नाही. केस वाळल्यावर कुठे टेकले पाहिजेत ते सांगते, आणि ती जागा स्वतःच्या बोटाने दाखवते. “वाळल्यावर शेंडे ब्लाउजच्या मागच्या गळ्याच्या खाली राहिले पाहिजेत.” “ब्राच्या पट्टीपर्यंत.” “समोरची बट हनुवटीच्या वर जाता कामा नये.” माझ्या पाठीवरची जागा तिला आणि मला एकच दिसते, तिथे बोट आणि पेर असा वाद उरत नाही. आणि कशासाठी तेही सांगते: अंबाडा बसला पाहिजे, ऑफिसला जाताना पोनी बांधता आली पाहिजे, हेल्मेटखाली केस दबतात. कारण कळलं की चांगला हात स्वतःहून जपून चालतो. काकू म्हणतात, “वेणी घालायचीय म्हटलंस की मी मागच्या लेयरना हात लावत नाही.”

ओले केस फसवतात

आमच्या घरी शिवणकामाची फूटपट्टी असते. ती लावून मी एक बट मोजली. ओली करून, विंचरून, सरळ धरली तेव्हा २८ सेंटीमीटर. तीच बट वाळल्यावर १९. लग्नाआधीच्या माझ्या फजितीचं गणित या दोन आकड्यांत आहे. त्या ताईंना ओले केस खांद्यावर दिसत होते, म्हणजे त्यांच्या नजरेत ते अजून चांगले लांब होते. ते वर चढायला वाळायचाच काय तो अवकाश होता.

केस ज्याचा बनलेला असतो ते केरॅटिन नावाचं प्रथिन काही अंशी हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी आकार धरून असतं. पाणी लागलं की ते बंध सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. ओला केस कंगव्याने ताणून धरला तर तो कोरड्या केसापेक्षा साधारण तीस टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. सरळ केसांत वाळल्यावर होणारा फरक फारसा जाणवत नाही. कुरळ्या केसांत मात्र बट वाळताना वळणं घेत वर जाते, आणि खालचं वजन कापलं गेल्यामुळे आणखी थोडी चढते.

यावर एकच खात्रीचा उपाय मला सापडला आहे: केस कोरडेच कापून घ्यायचे, निदान लांबी तरी. घरून धुऊन, तेल न लावता, नेहमी सोडतो तसे सोडून जायचं. पार्लरमध्ये “आधी वॉश करूया” म्हणतील तेव्हा सांगायचं, “धुऊन आलेय. लांबी कोरड्यावर ठरवूया, बाकीचं मग ओलं करून कापा.” सगळेच तयार होतील असं नाही, कारण ओल्या केसांवर कात्री सरळ चालते आणि काम लवकर उरकतं. तयार नसतील तर निदान ओल्या केसांना कंगव्याचा ताण न देता, बट सैल सोडून कापायला सांगायचं, आणि ठरवलेल्या जागेच्या बरंच खाली थांबायचं. चार बोटं खाली म्हटलं तरी चालेल. इथे बोटं पुरतात, कारण चूक झाली तरी ती केस लांब राहण्याची होते.

अंबाडा घालून, क्लिप लावून किंवा तेल चोपडून गेलात तर समोरच्या बाईला तुमचे केस खरे कसे पडतात ते कळायला मार्गच नसतो. मी कित्येक वर्षं क्लचर लावून जायचे, आणि तिने तो काढून थेट पाण्याचा फवारा मारायला सुरुवात केली तरी गप्प बसायचे.

केप घालण्याआधी

केप गळ्याभोवती आवळली की हात आत जातात, चष्मा निघतो, मान खाली जाते, आणि आपण बोलायचे थांबतो. म्हणून सगळं बोलणं त्याआधी, उभ्याने किंवा ताठ बसून, तिच्या डोळ्यांत बघून करायचं. तीन-चार मिनिटं पुरतात.

फोटो न्यायचा, पण कुठलाही नाही. सरळ केसांच्या नटीचा फोटो माझ्या कुरळ्या डोक्यासाठी निरुपयोगी आहे. स्वतःचेच केस आवडले होते त्या दिवसाचा फोटो सगळ्यात चांगला, पुढून आणि मागून. त्यासोबत नको असलेल्या कटचाही एक फोटो. मला हा दुसरा फोटो जास्त उपयोगी पडला आहे. “हे असं झाडूसारखं निमुळतं टोक नको” असं तोंडाने सांगून जे कळत नाही, ते फोटो बघून तिला एका क्षणात कळतं.

मग मी एक प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीत टेकत नाही: “ताई, एकदा मला सांगाल का, तुम्ही काय काय करणार आहात?” हा प्रश्न विचारायला सुरुवातीला मला फार जड जायचं, वाटायचं आपण परीक्षा घेतोय. पण उत्तरातूनच सगळं कळतं. एकदा नाशिकला एका मुलीने उत्तर दिलं, “स्टेप कट करते, समोर फ्लिक्स काढते.” मी यातलं काहीच मागितलं नव्हतं. तिला नीट समजावलं, तिला ते पटलं, आणि तिने फार सुंदर केस कापले. विचारलं नसतं तर मी स्टेप कट घेऊन घरी आले असते, आणि ती मुलगी ऐकत नाही असं सगळ्यांना सांगत सुटले असते.

सलूनमध्ये मराठी कळत नसेल तर हिंदीत सांगा, आणि जागा बोटाने दाखवाच. गर्दीच्या वेळी जाऊ नका. लग्नसराईतली शनिवारची संध्याकाळ, दिवाळीच्या आधीचा आठवडा, अशा वेळी शांत स्वभावाची बाईसुद्धा घाईत असते, बाकावर चारजणी थांबलेल्या असतात. आपल्याकडे बरीच सलून सोमवारी बंद असतात. मंगळवारी-बुधवारी सकाळी गेलात तर बोलायला वेळ मिळतो.

पहिली बट

कात्री लागली की पहिल्या मिनिटात थांबायचं. मी आधीच सांगून ठेवते, “पहिली बट कापली की मला दाखवा, मी चष्मा लावून बघते.” कापलेला तुकडा हातात घेते, उरलेली बट कोरड्या बोटांनी सोडून कुठे टेकते ते बघते. एका बटेत चूक झाली असेल तर ती उरलेल्या केसांत लपवता येते. मागचे सगळे केस गेल्यावर काही उरत नाही. आता काकू न सांगताच कापलेली पहिली बट माझ्या तळहातावर ठेवतात. काळीभोर, टोकाला थोडी तांबूस झालेली, जेमतेम माझ्या करंगळीच्या पेराएवढी. ती बघितली की मी निर्धास्त होऊन डोळे मिटते.

चष्मा असणाऱ्यांनी हे फार मनावर घ्या. चष्मा काढल्यावर आपण कापणाऱ्याच्या भरवशावर आंधळ्यासारखे बसलेलो असतो, आणि समोरच्याच्या ते ध्यानातही येत नाही. दर पाच मिनिटांनी चष्मा मागून घ्या.

बसण्यातही लक्ष हवं. पायावर पाय टाकून बसलं की एक खांदा कलतो आणि रेघ तिरकी येते. मान फार पुढे झुकवून कापलेली रेघ मान सरळ केल्यावर तशीच सरळ दिसेल असं नाही. ही चूक कापणाऱ्याच्या माथी मारू नका, ती आपल्या बसण्याची आहे.

दातेरी कात्री

लांबी नीट राहिली, तरी आठवड्याने केस पिंजारल्यासारखे दिसायला लागले, टोकं विरळ झाली, वर कुसळांसारखे आखूड केस उभे राहिले, तर ते थिनिंगच्या कात्रीचं काम आहे. तिच्या एका पात्याला कंगव्यासारखे दाते असतात. ती बटेतले काही केस कापते, काही सोडते. “मॅडम, केस खूप जाड आहेत, थोडे हलके करते” असं म्हणत ती येते. दाट, सरळ केसांत बेताने वापरली तर तिचा उपयोग आहे. कुरळ्या किंवा लहरी केसांत ते आखूड राहिलेले केस लांब केसांसोबत वळत नाहीत, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर ते सगळे बाहेर डोकावतात.

हे दुरुस्त करायला कुठलंही सीरम उपयोगी नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. मुळापासून दहा सेंटीमीटरवर आखूड झालेला केस पुन्हा दहा सेंटीमीटर वाढायला आठ ते दहा महिने लागतात. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, “दात्यांची कात्री आणि ब्लेड नको.” आणि आरशात ती कात्री दिसली की केपमधून हात बाहेर काढते.

रंग, स्मूदनिंग आणि ‘मॅम, तुमचे केस फार ड्राय आहेत’

कापायला गेलं आणि रीबाँडिंग करून आलं, असं झालेल्या दोन मैत्रिणी मला माहीत आहेत. रीबाँडिंगमध्ये रसायनाने केसातले डायसल्फाइड बंध तोडून केस सरळ स्थितीत पुन्हा बांधतात. तेवढा केस कायमचा सरळ होतो, मुळातून येणारा मात्र कुरळाच येतो. सहा महिन्यांनी डोक्यावर दोन जातींचे केस होतात. हा निर्णय खुर्चीत बसल्या बसल्या घेण्यासारखा नाही. “आज फक्त कट, बाकीचं घरी जाऊन ठरवते” एवढंच म्हणा, आणि तेच वाक्य तितक्याच शांतपणे दुसऱ्यांदा म्हणायची तयारी ठेवा.

रंगाचं बोलणं नावाने करू नका. ‘चॉकलेट ब्राउन’ प्रत्येक कंपनीचा वेगळा. शेडच्या पट्टीवरचा आकडा विचारा: बहुतेक पट्ट्यांत १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात फिकट, पुढचा आकडा छटेचा. आधी मेंदी किंवा रंग लावला असेल तर तो लपवू नका. रंगाने आधीचा रंग उजळत नाही, त्यासाठी ब्लीच लागतं, आणि काळ्या मेंदीच्या पाकिटांत धातूचे क्षार असतील तर ते रंगातल्या आणि ब्लीचमधल्या पेरॉक्साइडसोबत वाईट वागतात. नवीन रंग लावायच्या ४८ तास आधी तो थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी साधी नसते.

पुरुषांसाठी एकच गोष्ट. ‘मीडियम ठेवा’ हे आपल्या ‘थोडेच कापा’चं भावंड आहे. मशीनचा नंबर लक्षात ठेवा: २ नंबर म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, ४ नंबर म्हणजे साधारण १३. माझा भाऊ आता “बाजूला ४, वर कात्रीच” एवढंच सांगतो.

थांबवायचं कसं

काय हवंय ते पक्कं माहीत असूनही त्या तिन्ही वेळा मी गप्प बसले, कारण मला भीड वाटली. समोरची बाई मनापासून काम करतेय, मधेच कसं बोलायचं, तिला राग आला तर कात्री तिच्याच हातात आहे. आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. केपखाली मुठी आवळून बसलेली मी मला अजून आठवते.

त्यामुळे शब्द आधीच ठरवून ठेवा. माझा शब्द आहे, “ताई, एक मिनिट थांबा.” हात वर करायचा, मान हलवायची नाही, कारण कात्री चालू असते. ती थांबली की दोष द्यायचा नाही, जागा दाखवायची: “मला इथपर्यंत हवे होते. आता इथून पुढे कापू नका, फक्त कडा सारख्या करा.” तरीही ती “अहो छान दिसतंय, बघा तर” म्हणत कापत राहिली, तर उठा. अर्धवट कापलेले केस घेऊन दुसरीकडे जाणं लाजिरवाणं वाटतं, पण ते नीट करता येतात.

बिघडलंच तर

त्याच दिवशी ‘जरा सारखे करून द्या’ म्हणू नका. सारखे करणं म्हणजे लांब बाजू आखूड बाजूएवढी करणं, म्हणजे आणखी केस जाणार. घरी जा, नेहमीसारखे धुवा, वाळवा, दोन दिवस थांबा. दिवसाच्या उजेडात पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बिल जपून ठेवा. मग शांत वेळी परत जाऊन मालकिणीला किंवा तिथल्या अनुभवी हाताला दाखवा आणि विचारा, लांबी न घालवता काय करता येईल.

रसायनाने टाळू भाजली, केस तुटले, किंवा मोठं नुकसान झालं, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वर सांगितलेल्या दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१मध्ये २ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली, कारण इतक्या रकमेला आधार देणारे पुरावे समोर नव्हते, आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. त्यानंतरही ते चालत राहिलं. नुकसानीचा कागद हातात नसेल तर खरं गाऱ्हाणंही अडकतं, म्हणून फोटो आणि बिल.

प्रत्येक वेळी केस कापून आल्यावर मी फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवते, आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी त्या वाचून दाखवते. शेवटची नोंद अशी आहे: “काकू. धुऊन गेले होते, कोरडेच कापले. शेंडे ब्राच्या पट्टीखाली दोन बोटं. दाते नाहीत. समोरची डावी बट भोवऱ्यामुळे वर उडते, ती एक बोट लांब ठेवायची. अंबाडा बसला, गजरा राहिला.”